लेकरांच्या 'काहून'ला उत्तर द्या : गटशिक्षणाधिकारी साहेबांना खुले पत्र

माननीय गटशिक्षणाधिकारी साहेब, केंद्रप्रमुख मंडळी आणि तालुक्याची इंग्रजी शब्दयादी तयार करणाऱ्या समितीचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. सहा वर्षांपासून आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पडवीत, संध्याकाळी लेकरांचा अभ्यास घेते. फी घेत नाही. आईबाप कापूस वेचून घरी येईपर्यंत लेकरं उन्हातान्हात, रस्त्यावर भटकू नयेत एवढ्यासाठी सुरुवात केली होती. आता सव्वीस लेकरं येतात, जवळजवळ सगळी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. दिवाळीनंतर आपल्या कार्यालयाकडून शाळांना पत्र आलं. दर शनिवारी वीस इंग्रजी शब्दांचं श्रुतलेखन घ्यायचं, चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून घ्यायचा, आणि ज्यांना दहापेक्षा कमी गुण पडले त्यांची नावं फलकावर लावून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकायची. मी शाळेत जाऊन ते पत्र दोनदा वाचलं. त्यावर गप्प राहणं मला जमलं नाही.

मागच्या सोमवारी पाचवीतली एक मुलगी वही घेऊन आली. श्रुतलेखनात तिने 'डॉटर' हा शब्द जसा कानावर पडला तसा लिहिला होता : डी-ओ-टी-ई-आर. झाली पन्नास वेळा लिहायची शिक्षा. मी वही नीट पाहिली. पहिल्या सोळा ओळी बरोबर आहेत : डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर. अक्षर हळूहळू तिरपं होत गेलंय, पेन्सिलीचं टोक बोथट झालंय. सतराव्या ओळीत जी आणि एचची अदलाबदल झाली. अठरावी ओळ तिने सतरावीवरून उतरवली, एकोणिसावी अठरावीवरून. शेवटपर्यंत चौतीस वेळा तिने चुकीचा शब्द गिरवला, आणि खाली लाल शाईची सही आहे. गुरुजींना मी बोल लावत नाही. एका खोलीत दोन वर्ग, वर रोजची ऑनलाइन माहिती भरायची, त्यात पन्नास-पन्नास ओळी कोण वाचणार? पण शिक्षेने त्या लेकराला काय शिकवलं ते त्या पानावर दिसतं.

तिने मला एवढंच विचारलं : "ताई, जी-एचले कोनी बोलत त नाही, मंग लिवाचं काहून?"

हाच प्रश्न तिने वर्गातही विचारला होता. "सायलेंट आहे, पाठ कर," असं उत्तर मिळालं. आमच्या वेळीही हेच उत्तर होतं. सायलेंट हे त्या अक्षराला दिलेलं नाव झालं साहेब, त्यात कारण कुठे आलं?

कारण आहे, आणि पाचवीच्या लेकराला कळेल इतकं सोपं आहे. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातली माणसं त्या जागी घशातून 'ख'च्या जवळचा एक आवाज काढायची. 'नाइट', 'लाइट', 'एट', 'डॉटर' या सगळ्या शब्दांत तो होता. 1066 मध्ये फ्रान्सातून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढे त्यांच्या वळणाच्या लेखनिकांनी तो आवाज जी आणि एच अशा जोडीने लिहायची पद्धत पाडली. काही शतकांनी आवाज तोंडातून गेला, जोडी कागदावर राहिली. जर्मन ही इंग्रजीच्याच घराण्यातली भाषा. तिच्यात रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतात, आठाला 'आख्ट', मुलीला 'टोख्टर'.

आणि जर्मनीपर्यंत जायचंही कारण नाही. संस्कृतात मुलगी म्हणजे दुहिता. 'डॉटर'मधला जी-एच आणि दुहितातला 'ह' एकाच फार जुन्या आवाजाची लेकरं आहेत. रात्रीला संस्कृतात नक्त असाही शब्द आहे, त्यातला 'क' म्हणजे 'नाइट'चा जी-एच. अष्टमधला 'ष' म्हणजे 'एट'चा जी-एच. मी फळ्यावर खाली-खाली तीन शब्द लिहिले : अष्ट, आठ, एट. अष्टचं प्राकृतात अट्ठ झालं आणि मराठीत आठ. आपण आवाज सोडला तेव्हा अक्षरही सोडलं. इंग्रजीने आवाज सोडला आणि अक्षर सांभाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपल्या पुस्तकातून जी-एचवाले अकरा शब्द शोधून घेऊन आली. तिला कोणी गृहपाठ दिला नव्हता. त्यात एक 'लाफ' होता आणि ती त्यावर अडली होती, कारण तिथे तर 'फ' ऐकू येतो. बरोबर अडली. 'लाफ', 'कफ', 'इनफ' या शब्दांत तो घशातला आवाज पुसला न जाता ओठांवर येऊन 'फ' झाला. शनिवारी जिचं नाव फलकावर लागलं, ती ही मुलगी.

पहिलीच्या लेकरापासून हे सुरू होतं. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहा वर्षांचं पोर 'वन' झाल्यावर दुसराच आकडा लिहितं तो टी-डब्ल्यू-ओ, आणि तिथेच त्याला ठेच लागते. त्या डब्ल्यूचा 'व' एके काळी स्पष्ट बोलला जायचा. 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन' यांत तो अजून जिवंत आहे, आणि आपल्या 'द्वि'मध्येही तोच 'व' आहे. गावात जुळी पोरं आहेत, सगळे त्यांना 'ट्विन्स' म्हणतात. त्यांच्याकडे बोट दाखवून मी डब्ल्यू शिकवते. आजवर त्यानंतर एकाही पोराने तो गाळला नाही.

'नाइफ', 'नी', 'नो' यांतला 'के'ही असाच. इंग्रज लोक साधारण सतराव्या शतकापर्यंत त्याचा उच्चार सोडत सोडत आले. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. गुडघ्याला संस्कृतात जानु. हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. जानुतला 'ज' आणि 'नी'तला मुका 'के' हे एका रक्ताचे. तसंच 'नो' म्हणजे जाणणे, आणि आपलं ज्ञान. 'ज्ञ'मध्ये लिहिताना ज् आणि ञ आहेत, आपण मराठीत बोलतो 'द्न्य', आणि नागपूरच्या बाजारात हिंदी बोलणारा म्हणतो 'ग्य'. म्हणजे लिहिणं एक आणि बोलणं दुसरं हे आपल्याही पाटीवर पहिल्यापासून आहे. त्यासाठी आपण कोणत्या लेकराला पन्नास वेळा ज्ञ लिहायला लावतो?

ही मुकी अक्षरं गेली का नाहीत, तेही सांगायला सोपं आहे. छापखाना येण्याआधी लिहिणारा आपल्या मुलखाच्या बोलीप्रमाणे लिहायचा. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, आणि त्या सुमाराची स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. बोलणं मात्र थांबलं नाही. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वरच जागचे हलले. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला, तोवर कागदावरचं आणि तोंडातलं यांची फारकत होऊन गेली होती.

माझ्या आजोबांची 1954 सालची हिशेबाची वही आमच्या घरात आहे. ते चौथी शिकले होते. अक्षर मोत्यासारखं. त्या वहीत 'नांव' आहे, 'पांच मण' आहे, 'कांहीं', 'घरांत', 'दिलें' आहे. सपरीतल्या पोरांनी ती वही पाहिली आणि एकाने म्हटलं, "आबाजीनं किती टिंबं चुकवली." आबाजींनी एकही चुकवलं नव्हतं. त्यांच्या वेळी तेच शुद्ध होतं. पंचचं पांच झालं, दंतचा दांत, कंटकाचा कांटा, नामाचं नांव. मूळचा तो अनुनासिक आवाज आधी नाकातून निघायचा, मग बोलण्यातून गेला आणि टिंब तेवढं राहिलं. हिंदीत आजही पाँच, दाँत, काँटा म्हणताना तो ऐकू येतो. मराठी साहित्य महामंडळाने नियम तयार केले, 1962 मध्ये राज्य शासनाने ते मान्य केले आणि ही न बोलली जाणारी टिंबं लिहायची बंद झाली. शाळाखात्याच्या माणसांना हे मी नव्याने सांगावं असं नाही. तुमच्या-माझ्या भाषेत सायलेंट टिंब होतं आणि ते आपण ठरवून काढलं. मग इंग्रजीतलं मुकं अक्षर हे दैवी कोडं असल्यासारखं लेकरांपुढे का ठेवायचं?

सगळीच मुकी अक्षरं अशी जुन्या आवाजाची नाहीत. काही विद्वानांनी मागाहून घुसवली. आणि त्यातलं एक अक्षर मला माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर भेटलं.

माझा भाऊ दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला. गणितात त्याला चांगले गुण होते. तिसऱ्यांदा फॉर्म भरला नाही. आज हंगामात तो जिनिंगमध्ये जातो, बाकी दिवस गावातल्या मोटारी दुरुस्त करतो; जळालेली मोटार आवाजावरून ओळखतो. बँकेत इंग्रजी फॉर्म पुढे आला की मात्र तो "चष्मा घरी राहिला" म्हणतो. त्याला चष्मा नाही. पीककर्जाचा हप्ता कापल्याचा मेसेज त्याला येतो, त्यातला 'डेबिट' हा शब्द तो बरोबर वाचतो. त्या दिवशी मी त्याला सांगितलं की कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात आणि त्यात एक 'बी' आहे जो बोलत नाहीत. फ्रेंचमधून आला तेव्हा या शब्दात 'बी' नव्हता, लोक 'बी'शिवायच लिहायचे. पुढे लॅटिनचा अभिमान असलेल्या पंडितांनी मूळ शब्द 'डेबिटम' आहे हे दाखवायला तो आत घातला. बोलणाऱ्यांनी तो कधी बोललाच नाही. तुझ्या मोबाइलवरच्या डेबिटमध्ये जो 'बी' ऐकू येतो, तोच हा. बाजार समितीची पावती म्हणजे 'रिसीट', तिच्यातला मुका 'पी' लग्नाच्या 'रिसेप्शन'मध्ये ऐकू येतो. 'साइन'मधला मुका 'जी' रेल्वेच्या 'सिग्नल'मध्ये आणि 'सिग्नेचर'मध्ये ऐकू येतो.

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे तवाच कोनी सांगतलं असतं त..." आणि उठून पाणी प्यायला गेला.

या पत्रामागे खरं कारण तो आहे.

पंडितांनी घातलेल्या अक्षरांत निव्वळ चुकाही आहेत. बेट म्हणजे 'आयलंड'. त्या शब्दाचा लॅटिनच्या 'इन्सुला'शी काही संबंध नव्हता, जुन्या इंग्रजीत त्यात 'एस' नव्हता. 'आइल' हा बेटासाठीचाच दुसरा शब्द 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आला होता, दोघांची गल्लत झाली आणि 'एस' चिकटला. 'कुड'मधला 'एल'ही तसाच : 'वुड' हा 'विल'चा आणि 'शुड' हा 'शॅल'चा, म्हणून त्यांच्यात 'एल' आहे, 'कॅन'मध्ये 'एल' नाही, तरी 'कुड'ने तो शेजाऱ्यांचं पाहून घेतला. आयलंडमधला 'एस' गाळणारं आमचं पोर आणि त्या काळचे विद्वान यांच्यात चूक मूळची कोणाची हे पाहिलं, तर पोराचं नाव फलकावर लावायला हात धजणार नाही.

आता तक्रारी स्पष्टच लिहिते.

शब्दयादीला कसलाही क्रम नाही. पहिल्या आठवड्याच्या वीस शब्दांत मी बारा मुक्या अक्षरांचे मोजले : 'नाइफ'च्या खाली 'आयलंड', त्याखाली 'कोम' (कंगवा), मग 'रिसीट', मग 'नाइट', मग 'सायकॉलॉजी'. अवघड शब्द वेचून एका जागी टाकले, एवढंच. बारा शब्दांची बारा वेगवेगळी कारणं; लेकराच्या हाताला धरायला एकही दोरा नाही. 'सायकॉलॉजी'चा 'पी' ग्रीकमधला आहे, 'न्यूमोनिया'चाही. ग्रीक लोक तो बोलायचे. पण चौथी-पाचवीच्या लेकराला हे शब्द कशाला? न्यूमोनिया निदान आरोग्य उपकेंद्रात कानावर पडतो.

दुसरं, शिक्षकांना काहीच दिलेलं नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणात यादी वाटली आणि "अपवाद फार आहेत, पाठ करून घ्या" असं सांगितलं, हे तिथे गेलेल्या शिक्षकांनीच मला सांगितलं. ज्याला कारण कोणी सांगितलं नाही तो वर्गाला कुठून सांगेल? जी मुकी अक्षरं नियमाने चालतात तीही अपवादात ढकलली गेली. शब्दाच्या शेवटचा मुका 'ई' घ्या. 'कॅप'ला तो लागला की 'केप', 'किट'ला लागला की 'काइट', 'पिन'ला लागला की 'पाइन'. स्वतः बोलत नाही, पण आधीचा स्वर बदलतो. तोही पूर्वी शब्दाच्या शेवटी बोलला जायचा, उच्चार गेला आणि हे काम त्याच्याकडे राहिलं. एका तासात चौथीचा वर्ग हे शिकतो, मी शिकवून पाहिलंय.

आणि फलक. याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आमच्या गावात शाळेचा फलक बसथांब्यासमोर आहे. शनिवारी दुपारी वेचणीवरून येणाऱ्या बाया तिथे थांबतात, वाचता येणारी एखादी नावं वाचते. एका मुलाच्या आईने मला विचारलं, "माह्या पोराचं नाव लागलं म्हंतेत, बक्षीस भेटलं काय त्याले?" मी तिला काय सांगायचं होतं? त्या मुलाने 'वेन्सडे' हा शब्द 'वेडनेसडे' असा मोठ्याने वाचला होता आणि वर्ग हसला होता. वोडन या इंग्रजांच्या जुन्या देवाचा वार, म्हणून तो 'डी' तिथे आहे. पूर्वी तो बोलत असत. त्या पोराने समोर लिहिलेलं प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे वाचलं होतं. तेव्हापासून तो उभा राहून वाचत नाही. मी सपरीत सांगते तरी ओठ हलवतो, आवाज काढत नाही.

आमच्या लेकरांच्या घरात डोळ्याला डोया म्हणतात, केळीला केयी, पाण्याला पानी. शाळेत आल्यावर ती ळ आणि ण लिहायला शिकतात, म्हणजे तोंडातलं एक आणि कागदावरचं दुसरं हा फरक ती पहिलीपासून पेलत आली आहेत. ज्या लेकराने हे आपसूक पेललंय त्याला 'डॉटर'चा जी-एच जड नाही. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नावं लावणं या शनिवारपासून बंद करा. यासाठी बैठक लागत नाही, आपल्या सहीची एक ओळ पुरेल.

पन्नास वेळा लिहिण्याची शिक्षा मागे घ्या. चुकलेला शब्द लेकराने तीनदा लिहावा, आणि त्यातला एकदा वाक्यात.

शब्दयादी पुन्हा करा, घराण्याप्रमाणे. एका आठवड्यात जी-एचचे शब्द, एकात 'के'चे, एकात शेवटच्या 'ई'चे. पंडितांनी घुसवलेले सातवीनंतर. प्रत्येक घराण्याखाली दोन-तीन ओळींत कारण मराठीत छापा. दुहिता, द्वि, अष्ट, ज्ञान हे शब्द शिक्षकांना आधीच माहीत आहेत. त्यांच्या शेजारी इंग्रजी शब्द मांडायचा आहे.

पाचवीपर्यंत श्रुतलेखनात जो शब्द ऐकल्याप्रमाणे लिहिला आहे आणि वाचून कळतो, त्याला अर्धा गुण द्या. डी-ओ-टी-ई-आर लिहिणाऱ्या मुलीने आवाज ऐकला, अक्षरं जुळवली. तिचं काम शून्याचं नव्हतं. आणि वाचलेलं समजलं का, यासाठीही गुण ठेवा. आज त्याला एकही नाही.

पुढच्या प्रशिक्षणात एक तास फक्त या 'काहून'साठी ठेवा. आपल्याकडे शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा उन्हाळ्यात वेळ आहे. बाहेरून तज्ज्ञ बोलावता आला तर उत्तमच. नाही जमलं, तर मी येईन. सहा वर्षांत लेकरांनी विचारलेले प्रश्न आणि शोधून काढलेली उत्तरं यांची एक दोनशे पानी वही माझ्याकडे भरली आहे, ती झेरॉक्स करून प्रत्येक केंद्राला द्यायला मी तयार आहे. मानधन नको.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आपल्या कार्यालयात येते आहे. माझ्यासोबत चार पालक असतील, त्यात ती आईही आहे जिने बक्षिसाचं विचारलं होतं. आम्हाला अर्धा तास द्यावा ही विनंती. या पत्रासोबत त्या मुलीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. नाव झाकलं आहे. सतरावी ओळ आपण स्वतः पाहावी.

आपली नम्र,
संध्याकाळच्या वर्गाची ताई
जिल्हा यवतमाळ